गळ, तंगूस आणि मळ्या

नातीला गौरीच्या गळ्यातली मोत्यांची माळ नव्यानं ओवायची होती आणि ऐन रात्री तिचा तंगूस संपला. मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि कळकाच्या पेरावर गुंडाळलेला जुना तंगूस तिच्या हातात ठेवला. पिवळट पडला होता, पण ओढून पाहिला तर तुटेना.

"आबा, तुम्ही कधी माळा ओवत होतात?"

"माळा नाही गं, मासे धरत होतो."

मग ती माळ बाजूला ठेवून पेटीपाशी बसली. पेटीत तसं फार काही नाही. तीन गळ, त्यातला एक सुई वाकवून घरी केलेला. शिशाच्या चार गोळ्या. मोरपिसाचा देठ, ज्याचा मी पाण्यावर तरंगणारा खुणेचा तुकडा म्हणून उपयोग करायचो. काठीचा तुटलेला शेंडा. आणि पंचवीस पैशांचं एक नाणं. ती एकेक वस्तू उचलून "याला काय म्हणतात?" असं विचारत गेली आणि मी सांगत गेलो. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की या पेटीतल्या वस्तू कधीच्या निरुपयोगी झाल्या, त्यांची नावं मात्र अजून रोजच्या बोलण्यात आहेत. आणि ज्यांच्यासाठी ही पेटी होती त्या माशांची नावं आमच्या मारुंजी गावात आज कुणाच्या तोंडी नाहीत. हे लिहायला बसलो ते त्यामुळं.

तंगुसापासूनच सुरुवात करतो. नातीच्या पिढीला तंगूस म्हणजे मोती, मणी ओवायचा पारदर्शक, चिवट दोरा. आमच्या लहानपणी तो फक्त गळाचा दोरा होता. पुण्याच्या बोहरी आळीत दोरखंड, खिळे, जाळ्या विकणाऱ्या दुकानात तो वारावर मिळे. हा शब्द संस्कृतातून आलेला नाही, हे त्याच्या तोंडवळ्यावरूनच कळतं. मी बरीच वर्षं तो फारसी असावा असं धरून चाललो होतो. पुढं कळलं की सिंहली भाषेत नायलॉनच्या या दोऱ्याला तंगुसच म्हणतात, आणि जपानी भाषेत गळाच्या दोऱ्याला तेगुसु. जपानी शब्द ज्या चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ रानरेशमाच्या किड्याचा धागा असा होतो. नायलॉन येण्याआधी गळाचा उत्तम दोरा खरोखरच रेशमाच्या किड्यापासून काढत. कोष विणायच्या बेतात आलेला किडा शिरक्यात भिजवायचा, त्याच्या पोटातली रेशमाची पिशवी काढून हातानं ताणायची, की पाण्यात न दिसणारी, ताठ, हातभर तार निघते. अशा तारा एकमेकींना गाठवून दोरा करत. १९३८ साली अमेरिकेत नायलॉन जाहीर झालं आणि थोड्याच वर्षांत किड्याची तार मागं पडली. वस्तू बदलली, नाव तेच राहिलं. जपान, लंका आणि बोहरी आळी यांना जोडणारा हा सारखेपणा मला योगायोग वाटत नाही. समुद्रावर वावरणाऱ्या माणसांनी हा शब्द बंदराबंदरांतून पोचवला असावा असं माझं मत आहे. आणि तो आता मारुंजीत गौरीच्या गळ्यापर्यंत आला.

आता गळ. पेटीतला सुईचा गळ मी अकरा वर्षांचा असताना केला. सुई चुलीत लाल करायची, चिमट्यानं वाकवायची. पण एवढ्यावर ती मऊ राहते, माशानं ओढली की सरळ होते. म्हणून ती पुन्हा लाल करून झटकन पाण्यात बुडवायची. याला लोहारकामात पाणी देणं म्हणतात. पाणीदार हा शब्द आणि शत्रूला पाणी पाजण्याची भाषा ऐकली की मला चुलीपाशी चर्र झालेला तो आवाज आठवतो. सुईच्या गळाला उलटा काटा नसतो. मासा लागला की दोरा क्षणभरही सैल सोडता येत नाही, सोडला की मासा गेला. विकतच्या गळाला टोकाच्या आतल्या बाजूला बारीक उलटा काटा असतो. तो आत जातो, बाहेर येत नाही. सगळी करामत त्या तिळाएवढ्या काट्यात आहे.

संस्कृतात या वस्तूचं नाव बडिश. सुश्रुतानं शस्त्रक्रियेच्या हत्यारांत बडिश नावाचं आकड्यासारखं शस्त्र सांगितलं आहे, म्हणजे कोळ्याची वस्तू वैद्यानं उचलली. बंगालीत बडिशाचं बोडशी झालं आणि तो शब्द तिथं आजही गळाला वापरतात. मराठीनं मात्र गळ धरला. हा शब्द पालीत आहे. कन्नडमध्ये गळाला गाळ म्हणतात, तेलुगूत गालमु. मला यात एक गोष्ट फार आवडते. मारुंजी हे दोन नद्यांच्या मधलं गाव, उत्तरेला पवना, दक्षिणेला मुळा. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, मुळा-मुठा भीमेला. भीमा पंढरपुरावरून कर्नाटकात जाते, रायचूरच्या बाजूला कृष्णेत शिरते आणि कृष्णा तेलुगू मुलखातून समुद्राला मिळते. आमच्या शिवारातलं पाणी ज्या वाटेनं जातं त्या वाटेवर काठाकाठानं हाच शब्द ऐकू येतो. मराठीत गाळ म्हणजे नदीचा चिखल, कन्नडमध्ये गाळ म्हणजे गळ. कोणी कोणाकडून घेतला याचा वाद पंडितांनी करावा. मी त्याला दख्खनच्या नदीखोऱ्यातला शब्द मानतो.

गळाची दुसरी ओळख मला पाण्यापासून लांब झाली. हिंजवडीत चैत्री पौर्णिमेला म्हातोबाची यात्रा भरते. बगाड हिंजवडीहून वाकडला निघतं. ज्याच्या पाठीत गळ टोचतात तो गळकरी. आज ज्या रस्त्यावर संगणकाच्या कंपन्यांच्या बसगाड्या धावतात त्याच रस्त्यावरून ते बगाड जातं, आणि काचेच्या इमारतींतली मुलं खिडकीशी येऊन बघतात. मी पहिल्यांदा पाहिलं ते वडिलांच्या खांद्यावर बसून. घरी आल्यावर आजीला विचारलं, देव माणसाला गळ का लावतो? ती म्हणाली, "त्यो मानाचा गळ हाय. तुज्या माशावानी फशिवलेला न्हाय." गळ तोच, पण एक फसवून लागतो आणि एक मागून घेतात, हा फरक तिनं दोन वाक्यांत सांगितला. गळकरी या शब्दातला करी हा मानकरी, वारकरी, गावकरी यांतला आहे. मासे धरणाऱ्याला गळकरी म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. तो शब्द आमच्या भागानं देवासाठी राखून ठेवला.

तिसरा गळ वर्तमानपत्रातला. निवडणूक आली की अमक्या पक्षाच्या गळाला तमके नगरसेवक लागतात. इथं लागणं हे क्रियापद अस्सल कोळ्याचं आहे. गळ टाकून बसलेला माणूस मासा पकडला असं म्हणत नाही, मासा लागला म्हणतो. आपण काही केलं नाही, माशानं आपण होऊन तोंड घातलं, असा त्या लागण्याचा भाव. राजकारणात तो चपखल बसतो.

एका बाबतीत मात्र लोकांची समजूत चुकते असं मला वाटतं. गळ घालणे, म्हणजे आग्रह करणे, हा वाक्प्रचार माशाच्या गळावरून आला असं पुष्कळ जण सांगतात. मीही सांगायचो. एकदा बोलताना माझंच मला ऐकू आलं. मी पाण्यात गळ टाकला, पण मित्रानं मला गळ घातली. माशाचा गळ पुल्लिंगी, आग्रहाची गळ स्त्रीलिंगी. एकाच शब्दाचं लिंग असं फिरत नाही. मग शेजारचे शब्द आठवून बघा. गळ्यात पडणे, गळी उतरवणे, गळेपडू. ही गळ गळ्याची आहे, दोन्ही हात गळ्यात टाकून केलेल्या विनवणीची. गळाला लागलेल्याचा जीव जातो, गळ घातलेल्याला फार तर जेवायला थांबावं लागतं. व्याकरणानं हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, आपणही वेगळेच ठेवावेत.

गळाला लावायचं ते आमिष. आम्ही मुलं हा शब्द वापरत नव्हतो. आम्ही दानवं लावायचो, म्हणजे गांडूळ. कोणी शिदोड म्हणे. गांडूळ हा शब्द पुस्तकातला, पण तोही जुन्या कुळातला. संस्कृतात गण्डूपद असा शब्द आहे, गाठीगाठींच्या अंगाचा प्राणी. उकिरड्याच्या ओल्या बाजूला फावडं मारलं की दानवी मिळत. नारळाच्या करवंटीत ओली माती घालून त्यात ती न्यायची. माती सुकली की दानवं मरतं, आणि मेलेल्या दानव्याला मासा तोंड लावत नाही.

आमिष हा शब्द मला आजीमुळं कळला. आमची आजी माळकरी. देहू जवळ, घरात वारी, त्यामुळं घरात मासा शिजणं शक्य नव्हतं. एकादशीच्या पंगतीत कोणा कीर्तनकारानं निरामिष हा शब्द वापरला आणि मी मास्तरांना अर्थ विचारला. आमिष म्हणजे मांस. मांस असलेलं ते सामिष, नसलेलं ते निरामिष. मांसाचा तुकडा गळाला लावतात म्हणून आमिष म्हणजे भक्ष्य, आणि भक्ष्य दाखवून फसवतात म्हणून आमिष म्हणजे लालूच. एका शब्दाचे हे तीन मुक्काम. आज मराठीत पहिला अर्थ सामिष-निरामिष या जोडीत तेवढा उरला आहे, दुसरा कोणी बोलत नाही आणि तिसरा रोज छापून येतो. नोकरीचं आमिष, लग्नाचं आमिष, जादा परताव्याचं आमिष. आमच्या या पट्ट्यात नोकरीसाठी लांबून आलेली मुलं राहतात, त्यामुळं असल्या बातम्या इथं कायमच्या. त्या वाचताना मला करवंटीतली दानवी दिसतात. मासा मूर्ख म्हणून लागत नाही, भुकेला असतो म्हणून लागतो. आमिष हा शब्द वापरताना बातमी लिहिणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवलं तर फसलेल्याला हसण्याची आपली खोड कमी होईल.

घरात मासा चालत नसे म्हणूनच मला पैसे मिळाले. इतर पोरं मासे घरी नेत, कालवण होई, विषय संपे. माझे मासे विकावेच लागत. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कामाला जाणारी माणसं तेव्हा सायकलीवरून गावाकडं परतत. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या वाटेवर निरगुडीच्या झुडपाखाली मी पळसाची पानं मांडून बसायचो. माशांच्या कल्ल्यांतून निरगुडीची काडी ओवलेली असे. दुसरी पोरं त्या ओवलेल्या काडीला माशांची माळ म्हणत. मला ते कधी म्हणवलं नाही. आमच्या घरात माळ एकच होती, तुळशीची.

लहान मासा वजनानं विकत नाहीत, वाट्यानं विकतात. ओंजळभर मळे नावाचे बारके मासे, वर एखादी शिंगटी, झाला वाटा. वाटा हा शब्द संस्कृतातल्या वण्ट् या धातूचा, अर्थ वाटून देणं. वाटणी, वाटेकरी, वाटप हे सगळं त्याचंच गोत. गळानं धरलेले मासे आम्ही पोरं काठावरच समान वाटून घेत असू, दोरा कोणाचा आणि दानवी कोणाची हे बघून एखादा मासा जास्त. म्हणजे माझ्या पानावरचा वाटा हा आधी पोरांमधला वाटा होता आणि मग गिऱ्हाइकाचा. आज मारुंजीत वाटा म्हटलं की सातबारा डोळ्यांपुढं येतो. भाताच्या खाचरांवर चोवीस मजले उभे राहिले, भावाभावांत वाटे पडले, काही घरांत बोलणं बंद झालं. शब्द तोच आहे, म्हणून मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

एक वाटा आठ आण्यांना. आता हे आठ आणे खरे तर नव्हतेच. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नये पैसे झाले, आणा गेला. मी विकायला बसलो तेव्हा त्याला दहा वर्षं होऊन गेली होती आणि नये पैसे यातला नवेपणाही १९६४ साली काढून टाकला होता. हातात पन्नास पैशांचं नाणं, तोंडी आठ आणे. आजीच्या तोंडी तर त्याहून जुनं. ती दोन आण्यांना चवली म्हणे आणि चार आण्यांना पावली. पाव भाग ती पावली, अर्धा तो अधेली. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं, तोवर लोक त्याला चार आणेच म्हणत होते. सरकारनं मोडलेल्या नाण्याला लोकांनी चोपन्न वर्षं सांभाळलं. आणि सोळा आणे खरं हे तर आपण अजूनही म्हणतो. पेटीतलं ते पंचवीस पैशांचं नाणं माझ्या पहिल्या कमाईतलं आहे असं मी नातीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमचा पॉकेटमनी."

मी थांबलो. पॉकेटमनी हा शब्द वाईट नाही, मराठीत तो आता रुळला आहे. पण पॉकेटमनी मिळतो. आमच्या वेळी मिळणाऱ्या पैशाला खाऊचे पैसे म्हणत, ते पाहुण्यांनी जाताना हातावर ठेवायचे. प्रवासाला निघताना देत ती खर्ची, फारसी खर्चातून आलेली. माझे पैसे यातले नव्हते. ती कमाई होती. कमाईचं मूळ कर्म, त्याचं प्राकृतात कम्म झालं, त्यातून काम आणि कमावणं. मराठीत कातडं कमावतात, शरीर कमावतात आणि पैसे कमावतात. तिन्हींत एखादी वस्तू हाताखाली घालून, मेहनतीनं तिला वेगळं रूप देणं आहे. दुपारभर उन्हात बसून लागलेल्या सात मळ्यांचे आठ आणे होतात तेव्हा कमावणं हा शब्द कळतो.

ते पैसे ठेवायला खिसा नव्हता. म्हणजे चड्डीला होता, पण फाटका. खिसा हा शब्दही बाहेरचा, अरबी-फारसी कीसा, म्हणजे पिशवी. आपल्याकडची जुनी जागा कनवट. धोतराचं टोक कमरेशी खोचून केलेली गुंडाळी. आजीकडं तीही नव्हती, तिच्याकडं लुगड्याचा ओचा होता. मी पैसे तिच्याकडं ठेवायला दिले, तर तिनं घेतले नाहीत. "जीव मारल्याचा पैका माज्या ओच्यात नको." मग मी दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यामागं भिंतीत एक भोक होतं त्यात डबी ठेवली. तिला गल्ला म्हणायचो. गल्ला म्हणजे मुळात धान्य, उत्पन्न. धान्यावरून धान्याचे पैसे आणि पैशांवरून पैशांची पेटी. त्या गल्ल्यातून मी बोहरी आळीतून पहिला विकतचा गळ आणला आणि सातवीचं एक पुस्तक घेतलं. गळावर किती आणि पुस्तकावर किती खर्चले ते आजीनं बरोबर विचारून घेतलं.

पैशाला हात न लावणाऱ्या या आजीनंच मला माशांची नावं शिकवली. माळ घालण्याआधीचं तिचं आयुष्य माहेरी, मुळेच्या वरच्या अंगाला गेलं होतं. मी नदीवरून आलो की ती पडवीतून विचारी, "काय गावलं रं?" मी म्हणे, बारके काळे मासे. "काळे कसलं? त्वांड खाली हाय का? दगडाला चिकटत्यात का?" हो. "मग मळे म्हन की." मळ्याच्या हनुवटीखाली एक गोल चकती असते, तिनं तो वाहत्या पाण्यात खडकाला धरून राहतो. आजीनं तो कधीचा खाल्ला नव्हता, पण ओळख विसरली नव्हती. मिशा आणि पाठीवर काटा असेल ती शिंगटी. चपटी, चांदीसारखी आळकुटी. वाळूत लपणारा, अंगावर पट्टे असलेला मुरा. मोठा, जाड खवल्यांचा खुदरी. कोळस. वाम. मरळ, जो पाणी आटलं तरी चिखलात जगतो. पहिल्या पावसात ओढे भरले की खाचरांत चढून येणारे ते चढणीचे मासे. त्यांना गळ लागत नाही, हातानं धरतात. कोकणात त्यांना वलगणीचे म्हणतात.

पुढं मी पिंपरीतल्या एका कारखान्यात लागलो, मासेमारी सुटत गेली, नावंही सुटली. निवृत्तीनंतर वाचनालयात एका माशांच्या पुस्तकात मला मळ्या भेटला. शास्त्रीय नाव गारा मुल्या. मी तिथंच उभा राहिलो. पुढची पानं उलटली. मिस्टस शिंगटी. टोर खुदरी. हिप्सेलोबार्बस कोलस. पॅराकँथोकोबिटिस मूरे. आजीचे मासे लॅटिनच्या रांगेत बसले होते.

ही नावं तिथं गेली ती विल्यम हेन्री साइक्स या माणसामुळं. कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी, दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलेला. भीमा, मुळा-मुठा या नद्यांतले मासे त्यानं जमवले, त्यांची चित्रं काढून घेतली आणि १८३९ साली लंडनमध्ये त्यांची वर्णनं छापली. नव्या जातीला नाव देताना त्यानं बऱ्याचदा स्वतःच्या डोक्यातून नाव काढलं नाही. काठावरचे लोक त्या माशाला काय म्हणतात ते विचारलं आणि तेच रोमन अक्षरांत लिहिलं. खुदरी त्याला पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळाला. नाकावर खोल खाच असलेल्या माशाचं नाव त्यानं नुक्ता असंच ठेवलं. त्याला ही नावं कोणी सांगितली हे त्यानं नोंदलेलं नाही. ते भोई असणार. नदीवर जाळं टाकणारे आणि रस्त्यावर पालखी वाहणारे, दोन्ही ओझी उचलणारे भोई. जगभरच्या प्रयोगशाळांत आज जो कोणी गारा मुल्या असं लिहितो तो त्यांच्या तोंडचा शब्द लिहितो.

ही पद्धत पुढंही चालली. १९५२ साली कुलकर्णी आडनावाच्या मराठी मत्स्यशास्त्रज्ञानं कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या एका माशाचं वर्णन केलं. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. शास्त्रात त्याचं नाव खवलचोर. मराठीतला चोर जगाच्या प्राणिशास्त्रात कायमचा नोंदला गेला. मला या नावाचा अभिमान वाटतो, कारण त्यात माशाची सगळी वागणूक तीन अक्षरी खवल आणि दोन अक्षरी चोर यांत मावली आहे. माणसानं तो मासा हातात घेऊन, इतर माशांची सोललेली अंगं पाहून ठेवलेलं नाव आहे हे.

उलटा प्रवासही होतो. आफ्रिकेतला तिलापिया १९५२ साली भारतात आणला. उजनी धरणाच्या काठी त्याचं चिलापी झालं आणि तिथून ते नाव सगळीकडं गेलं. आता चिलापी हा इतका मराठी शब्द आहे की भाजीवालीसुद्धा तो परका मानत नाही. गेल्या वर्षी मी एका सकाळी पवनेवर गळ टाकून बसलो. जलपर्णीत मोकळी जागा शोधावी लागली, पाण्याला वास होता. तीन तासांत दोन मासे लागले, दोन्ही चिलापी. मी सोडून दिले. काठावर बसलेल्या विशीतल्या मुलाला मी विचारलं, इथं मळे लागतात का? त्यानं विचारलं, "मळे म्हणजे शेतातले?"

त्याचं काही चुकलं नाही. मळ्याला वाहतं, स्वच्छ पाणी आणि खडक लागतात. ते नसेल तर मासा जातो, मासा गेला की पोराच्या कानावर शब्द पडत नाही. गळ, आमिष, वाटा, कमाई या शब्दांना दुसरी कामं मिळाली म्हणून ते तगले. मळ्या या शब्दाला मळ्याशिवाय दुसरं काम नाही.

आजीची नावं मी आता एका वहीत उतरवतो आहे. मुळशी, मावळातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांना भेटतो, मासा कसा होता ते विचारतो आणि ते जे नाव घेतील ते जसंच्या तसं लिहितो. एकाच माशाला पवनेवर एक नाव आणि मुळेवर दुसरं, असं दोनदा आढळलं आहे. तुमच्या घरात असं कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा. माशाचं नाव, तो कोणत्या नदीत किंवा ओढ्यात लागायचा, दिसायला कसा होता, कशावर लागायचा आणि गावाचं नाव, एवढं लिहून ठेवा. नाव शुद्ध करू नका. साइक्सनं केलं नव्हतं.